कोडे घरात, डबा कुंपणात

इंग्लंडच्या ग्रामीण भागात शेतांतून, कुरणांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांवर एक खेळ चालतो. कोणीतरी वाटेकडेला छोटे डबे दडवतो, त्यांचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि जीपीएस घेऊन आलेले लोक डबा शोधून आतल्या कागदावर सही करतात. हे जिओकॅशिंग. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली त्रुटी काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात पहिला डबा ठेवला गेला.

यातला कोड्यांचा प्रकार शिक्षकांना विशेष भावेल. जाहीर केलेला बिंदू फसवा असतो. खरा बिंदू कोडे सुटल्यावरच मिळतो. कल्पना उत्तमच. पण यातली बरीच कोडी म्हणजे सुडोकू, सांकेतिक लिपी, थोरांची जन्मवर्षे. ती घरी बसूनच सुटतात. मग वाटेवर उरते काय? यंत्रातल्या बाणामागे चालणे. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे असा नियम आहे. काही वाटांवर जेमतेम तेवढ्याच अंतराने डबे ओळीने मांडलेले असतात. पायाखाली चुनखडी आहे की वालुकाश्म, याच्याशी कोड्याला देणेघेणे नाही.

आकड्यांची गंमत पाहा. स्थान मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत देतात. हा शेवटचा अंक अक्षांशात सुमारे १.८५ मीटर, तर दक्षिण इंग्लंडमध्ये रेखांशात सुमारे १.१५ मीटर. (हे दोन आकडे वेगळे का, हेच खरे तर झकास कोडे झाले असते!) हातातल्या यंत्राची चूक मात्र सहज पाच मीटर, दाट झाडीत त्याहून जास्त. म्हणजे घाम गाळून काढलेल्या त्या शेवटच्या अंकाला जमिनीवर फारसा अर्थच नाही.

याउलट डार्टमूरचे जुने 'लेटरबॉक्सिंग' घ्या. १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल येथे भेटपत्रांसाठी बाटली ठेवली, तेव्हापासूनची ही प्रथा. तेथील संकेतात अमुक टेकडी इतक्या अंशांवर, तमुक इतक्या, असे सांगितलेले असते. होकायंत्र घेऊन सगळे कोन जुळेपर्यंत सरकत राहायचे. दोन किलोमीटरवरच्या टेकडीचा कोन तीन अंशांनी चुकला, की आपण शंभरएक मीटर भलतीकडे. मापनातील त्रुटी म्हणजे काय, हे तेथे पायांनाच कळते.

वाटेवरच्या पाटीवरचा किंवा कोनशिलेवरचा आकडा वाचून पुढचा बिंदू काढायला लावणारे डबे जिओकॅशिंगमध्येही आहेत. मला तेच पसंत. मात्र त्यांत एका दुपारी ओळीने सह्या ठोकता येत नाहीत.