तीन आकृत्यांचे वादळ

(द थंडरस्टॉर्म : होरेस बायर्स व रॉस्को ब्रॅहॅम, वॉशिंग्टन, १९४९, पृष्ठे २८७)

गडगडाटी वादळ शिकवताना फळ्यावर बहुधा तीन आकृत्या निघतात. पहिलीत मेघात हवा फक्त वर चढते. दुसरीत एका बाजूला ती चढते, तर दुसऱ्या बाजूला पावसाबरोबर खाली उतरते. तिसरीत ती नुसती उतरते आणि मेघ विरून जातो. या आकृत्यांचे मूळ प्रस्तुत अहवालात आहे. तो आज पुन्हा वाचावा, याचे कारण असे की मूळ ग्रंथ जेवढा सांगतो, तेवढे आपण वर्गात सांगत नाही.

वादळात सापडून विमानांना अपघात होत, हे या संशोधनामागचे निमित्त होते. दुसरे महायुद्ध संपल्यावर विमाने, वैमानिक व रडार उपलब्ध झाले. त्यांच्या साहाय्याने १९४६ साली फ्लॉरिडात आणि १९४७ साली ओहायोत वादळांची पाहणी झाली. ५,००० ते २५,००० फुटांपर्यंत पाच वेगवेगळ्या उंचींवरून विमाने थेट मेघात शिरत. हवेने विमान वर किंवा खाली नेले, तर उंची सावरायची नाही, अशी वैमानिकांना सूचना होती. विमान किती उचलले गेले, यावरून प्रवाहाचा वेग काढता येई. थोडक्यात, विमान हीच मोजपट्टी! युद्धकाळात शत्रूची विमाने शोधताना रडारच्या पडद्यावर पावसाचे डाग उमटत व ते नकोसे वाटत. येथे नेमके तेच डाग पाहायचे होते.

अहवालाचे पहिले मोठेपण या पद्धतीत आहे. दुसरे म्हणजे, वादळ हा एक अखंड मेघ नसून अनेक पेशींचा समूह असतो, हे त्याने स्पष्ट केले. तीन अवस्था सांगितल्या आहेत त्या एका पेशीच्या. अशी पेशी काही किलोमीटर रुंद असते आणि साधारण अर्धा ते एक तास जगते. आपल्या पुस्तकांत मात्र ‘पेशी’ हा शब्द गळाला आणि एका पेशीचे चरित्र साऱ्या वादळाचे चरित्र होऊन बसले.

यातून काय अडचण होते ते पाहू. २९ जून २०१२ रोजी अमेरिकेत वादळांची एक रांग शिकागोच्या परिसरापासून ओहायोवरून थेट अटलांटिक किनाऱ्याकडे गेली. सुमारे बारा तासांत तिने हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापले. माणसे दगावली, लाखो घरांची वीज गेली. पेशी तासाभरात मरत असेल, तर हे वादळ बारा तास कसे जगले? तीन आकृत्यांपाशी थांबणाऱ्या विद्यार्थ्याजवळ याला उत्तर नाही.

उत्तर तिसऱ्या आकृतीतच दडलेले आहे. पावसाचे काही पाणी वाटेतच बाष्पीभूत होते, हवा थंड व जड होते, खाली येते आणि जमिनीवर पसरते. वळवाच्या पावसाआधी अंगावर येणारा गार वारा तो हाच. एकट्या पेशीच्या दृष्टीने हा प्रवाह मारक असतो, कारण तो खालून येणारी उबदार हवा तोडतो. परंतु पसरणाऱ्या थंड हवेची कड पुढच्या उबदार, दमट हवेखाली पाचरीसारखी घुसते, तिला उचलते आणि तेथे नवी पेशी जन्मते. उंचीनुसार वारा योग्य प्रकारे बदलत असेल, तर हे चक्र तासन्‌तास चालते. एकीचा अंत हीच दुसरीची सुरुवात. जुन्या पेशींच्या शेजारी नव्या उगवतात, ही नोंद बायर्स व ब्रॅहॅम यांनीही घेतली आहे. चेस्टर न्यूटन यांनी तर याच प्रकल्पाची निरीक्षणे वापरून १९५० साली वादळांच्या रांगेची रचना मांडली. दोष असलाच तर तो अहवालापेक्षा आपल्या वाचनाचा अधिक आहे.

अहवालाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्या काळच्या रडारला पाऊस दिसे, पण वाऱ्याचा वेग दिसत नसे. ती सोय पुढे डॉप्लर रडारने केली. रांगेच्या मागे शेकडो किलोमीटर पसरणारा संथ, स्तरीय पाऊस हा वादळाचाच भाग आहे, हे नंतरच्या दशकांत उलगडले.

म्हणून रडारचे चित्र वर्गात आणावे, पण जपून वाचावे. लाल रंग म्हणजे पावसाचे माप नव्हे, तर परत आलेल्या लहरींची तीव्रता होय. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर प्रतिध्वनी चौसष्ट पट होतो. त्यामुळे थोड्या गारासुद्धा मुसळधार पावसाचा भास निर्माण करतात. शिवाय पृथ्वी गोल आहे. अर्ध्या अंशाने वर रोखलेली शलाका १०० किलोमीटरवर सुमारे दीड, तर २०० किलोमीटरवर चार किलोमीटर उंच गेलेली असते. दूरच्या मेघाचा खालचा भाग तिला दिसतच नाही. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे गणित करून पाहता येईल.

हा सारा खटाटोप केवळ परीक्षेतल्या आकृतीसाठी नाही. जोराची सर ओसरली की ‘वादळ विरले’ असे समजून आपण मुलांना मैदानावर सोडतो. तीन आकृत्या तसेच सांगतात. परंतु मोठ्या वादळसमूहात मागच्या संथ पावसातूनही वीज पडू शकते. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर निदान अर्धा तास आत थांबावे, असा सल्ला दिला जातो तो यामुळेच.

तेव्हा त्या तीन आकृत्या जरूर काढाव्यात. त्यांवर ‘एक पेशी’ असे शीर्षक द्यावे आणि चौथीसाठी जागा ठेवावी. तिच्यात मेलेल्या पेशीतून पसरणारी थंड हवा असावी, आणि तिच्या टोकाशी नवा मेघ वर चढताना दाखवावा.