प्रतिमा आणि प्रतिकृती : एका गुराबेच्या निमित्ताने

सातपुड्याच्या दक्षिण उतरणीखाली, संत्र्यांच्या बागांच्या मुलखात रामाकोना नावाचे गाव आहे. सौंसर तालुक्यातील हे गाव पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे, इ. स. २०२३ मध्ये झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात ते आता गेले आहे. राज्य मध्य प्रदेश, परंतु घरांतून कानी पडते ती मराठी. समुद्र येथून इतका दूर, की 'गलबत' हा शब्द येथल्या मुलाला भेटतो तो बहुधा इतिहासाच्या पुस्तकातच. अशा ह्या गावी एका स्नेह्यांकडे उतरलो असता, त्यांच्या बैठकीत काचेच्या पेटीत ठेवलेले एक लाकडी जहाज दृष्टीस पडले. तीन उंच डोलकाठ्या, प्रत्येकीवर एकावर एक चढविलेली शिडे, दोन्ही कुशींना तोफांच्या खिडक्यांच्या दोन-दोन रांगा, मागील बाजूस सोनेरी वेलबुट्टी आणि शेंड्यावर भगवा झेंडा. खाली पितळी पट्टी होती : 'मराठा आरमारातील गुराब'. घरातील सात-आठ वर्षांचा नातू मला बोटाने दाखवीत म्हणाला, "आजोबा, हे महाराजांचं जहाज!"

काम सुबक होते, ह्यात शंका नाही. दोर नेमके ताणलेले होते, फळ्यांचे सांधे दिसत नव्हते. परंतु ते जहाज गुराब नव्हते. युरोपीय युद्धनौकेच्या अंगावर भगवा झेंडा चढविलेला होता, इतकेच. त्या मुलापुढे मला हे बोलवले नाही. त्या वेळच्या माझ्या मौनाची भरपाई म्हणून हा लेख लिहीत आहे.

जहाजाची लाकडी प्रतिकृती ही कलाकृती म्हणून कोणत्या कसोटीने पारखावी? आपल्याकडे ह्या प्रश्नाचा विचार फारसा झालेला नाही. कारागिरीची वाहवा होते, किती महिने खपले ते विचारले जाते, आणि चर्चा तेथेच संपते. माझ्या मते येथे दोन शब्दांची गल्लत होते. 'प्रतिमा' आणि 'प्रतिकृती' हे ते दोन शब्द. देवाची मूर्ती ही प्रतिमा. ती कोणा देहधारी व्यक्तीशी ताडून पाहावयाची नसते. शिल्पशास्त्रातील मान-प्रमाण आणि भक्ताचा भाव ह्यांवर ती उभी असते, आणि प्राणप्रतिष्ठेने तिला देवत्व येते. श्रीमंगेशाचे लिंग इ. स. १५६० मध्ये कुशस्थळीहून प्रियोळास आणले गेले. आजचे देवालय कुशस्थळीचे नव्हे, हे प्रत्येक कुळावी जाणतो. तरीही त्याच्या श्रद्धेत काडीचे अंतर पडत नाही, कारण देव तोच आहे. प्रतिकृतीला मात्र प्राणप्रतिष्ठा नाही. तिच्यात जे काही सत्त्व आहे ते एवढ्यातच की, जी वस्तू एकेकाळी होती ती अशी होती. हा शब्द खोटा ठरला की उरते ते केवळ शोभेचे लाकूड.

ही कसोटी सोपी कोठे आणि अवघड कोठे, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. पहिले उदाहरण मुंबईचे. लवजी नसरवानजी वाडिया हे इ. स. १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे शतकाहून अधिक काळ मुंबईच्या गोदीत जहाजे बांधली. जमशेटजी बमनजी वाडिया ह्यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानाची 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इ. स. १८१७ मध्ये पाण्यात सोडण्यात आली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे उभी आहे. तिचा नकाशा इंग्रजी, आणि त्या नकाशाचे मूळ इंग्रजांनी इ. स. १७८२ मध्ये पकडलेल्या 'एबे' ह्या फ्रेंच जहाजात. नकाशाचा पहिला संच 'जावा' नावाच्या जहाजातून पाठविला होता. ते जहाज इ. स. १८१२ मध्ये अमेरिकनांनी जिंकल्यामुळे तो गमावला आणि दुसरा संच पाठवावा लागला. म्हणजे नकाशा हाती आल्यावाचून हे काम पुढे जात नसे, आणि म्हणूनच आज त्या जहाजाची प्रतिकृती करणाऱ्याचे काम निश्चित झालेले आहे. फुटाला पाव इंच, म्हणजे १:४८ हे जे प्रमाण अशा कामात रूढ आहे, त्याने तिची सुमारे १५० फूट लांबीची तोफांची तक्तपोशी साडेसदतीस इंचांत बसते. कणा, फासळ्या, फळ्या, सर्वांचे माप उपलब्ध आहे. येथे टीकाकाराने फूटपट्टी घेऊन बसावे. चूक सापडली तर ती कारागिराची.

दुसरे उदाहरण गुराबेचे, आणि ते जिव्हारी लागणारे आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह ह्यांनी विजयदुर्गावर हल्ला केला आणि तुळाजी आंग्रे ह्यांचे आरमार बंदरातच जळून खाक झाले. त्या मोहिमेत पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने होते, हे दुःख आपल्या इतिहासात कायमचे नोंदलेले आहे. त्या आगीत गुराबा गेल्या. आपल्या सुतारांनी कागदावर नकाशे काढून जहाजे बांधली नव्हती. ते ज्ञान हातात आणि डोळ्यांत होते, पित्याकडून पुत्राकडे जात होते. म्हणून जहाज गेले आणि त्याबरोबर त्याचे मापही गेले. आज 'मराठा गुराब' म्हणून जी प्रतिकृती कोणी करील, ती अपरिहार्यपणे अनुमान असते.

पण अनुमान म्हणजे मनास येईल ते नव्हे. पुरावा थोडा आहे, तरी बोलका आहे. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म ह्याने अठराव्या शतकातच गुराबेचे आणि गलबताचे वर्णन लिहून ठेवले. तो शत्रुपक्षाचा, म्हणून स्तुती करण्याचे त्याला कारण नव्हते. त्याच्या सांगण्याप्रमाणे गुराबेला बहुधा दोनच डोलकाठ्या, क्वचित तीन. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तीनांची सुमारे ३०० टनांची. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, पाण्यात बुड अगदी थोडे. मध्यापासून टोकाकडे ती निमुळती होत जाई आणि पुढे गोल छातीऐवजी लांब, सखल अशी नाळ बाहेर आलेली असे. त्या नाळेवरील तक्तपोशीला कठडा नसे. समोरून आलेली लाट तिच्यावरून सरळ वाहून जावी, हा हेतू. मागच्या आडभिंतीला छिद्रे पाडून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा नाळेवरून पुढे डागल्या जात. गलबत ह्याच घाटाचे, पण लहान. मोठ्यात मोठे सुमारे ७० टनांचे, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे, ताशी चार मैल वल्हवता येणारे.

ह्या वर्णनाशी काचेच्या पेटीतील ते जहाज ताडून पाहावे. नाळ कोठे आहे? पुढच्या दोन तोफा कोठे आहेत? शत्रूवर समोरून चालून जाऊन मारा करणे हे गुराबेचे युद्धतंत्र. ते तिच्या पुढच्या भागात होते, आणि प्रतिकृतीत नेमका तोच भाग गोल करून टाकलेला! तोफांच्या दोन रांगा देण्याने तिचे बळ वाढविल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तिची जातच बदलते.

ह्याहून मोठा साक्षीदार आपल्याच घरचा आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या 'आज्ञापत्रा'त, इ. स. १७१५ च्या सुमारास, आरमाराविषयी स्वतंत्र प्रकरण आले आहे. त्यात सांगितले आहे की गुराबा फार मोठ्याही करू नयेत, फार लहानही करू नयेत. मध्यम बेताने सजवाव्यात. आणि वाऱ्याशिवाय जी हलू शकत नाहीत अशी अवजड जहाजे बांधण्याचे प्रयोजनच नाही. हा दुबळ्याचा नाइलाज नव्हे, विचारपूर्वक केलेली निवड आहे. कोकणच्या उथळ खाड्या, किनाऱ्यालगतचे खडक, वारा पडला की अडकून बसणारी परक्यांची मोठी तारवे, हे सर्व पाहून केलेली. आपल्या कारागिराने गुराबेवर तीन मजली शिडे उभारून तिला जो मान दिला आहे, तो अमात्यांच्या दृष्टीने अपमानच ठरला असता. आपल्या पूर्वजांची बुद्धी ज्यात दिसते तेच पुसून त्या जागी शत्रूचे रूप बसवावे, आणि त्याला अभिमान म्हणावे, ह्याहून विपरीत काय असू शकेल?

त्याच प्रकरणात लाकडाविषयीही सांगितले आहे. आंबा, फणस ही रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली झाडे. त्यांना हात लावू नये. एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. ज्या आरमाराची नीती इतकी सूक्ष्म, त्याची आठवण करून देणारी वस्तू ढोबळ असून चालेल काय?

येथे कारागिराची बाजूही ऐकली पाहिजे. हे काम किती कष्टाचे, हे पाहणाऱ्याला कळत नाही. सागवान जहाजासाठी उत्तम, पण लहान प्रतिकृतीसाठी फसवे. त्याचा पोत भरड. पाव मिलिमीटरचे छिद्र १:४८ च्या प्रमाणात बारा मिलिमीटरचे भोक ठरते, आणि फळी किडल्यासारखी दिसते. म्हणून घट्ट कणीचे लाकूड लागते. आपल्या सातपुड्याच्या रानात हळदू आहे. पिवळसर, बारीक पोताचा, कोरीव कामाला मानवणारा. फळी भिजवून किंवा वाफवून वाकवावी लागते, नाही तर ती तडकते. इंचभर जाडीचा दोर अर्ध्या मिलिमीटरच्या सुतात आणावा लागतो. इतके श्रम केल्यावर साधे, सखल, दोन काठ्यांचे जहाज दाखवावयाचे, हे जिवावर येणारच. बाजारात मिळणारे तयार आराखडेही बहुधा युरोपीय जहाजांचे. गिऱ्हाइकालाही भव्यता हवी असते. दोष एकट्या कारागिराचा नाही. मागणाऱ्यांचाही आहे, आणि ते मागणारे आपणच आहोत.

मग ज्याचे माप हरवले त्याची प्रतिकृती करूच नये की काय? असे मी म्हणत नाही. अलीकडचे एक उदाहरण ह्या बाबतीत फार उद्बोधक आहे. अजिंठ्याच्या चित्रातील पाचव्या शतकातील जहाजावरून भारतीय नौदलाने एक शिवलेले जहाज बांधविले. केरळचे जहाजबांधणी कारागीर बाबू शंकरन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी गोव्यात काथ्याच्या दोरांनी फळ्या शिवून ते उभे केले. नकाशा नव्हता, अवशेष नव्हते; भिंतीवरचे चित्र तेवढे होते. ही गोष्ट बांधणाऱ्यांनी लपविली नाही. चित्रावरून आकार अनुमानिला आहे हे त्यांनी उघड सांगितले, आणि मद्रासच्या आय. आय. टी. मध्ये लहान प्रतिकृतीची पाण्यात परीक्षा करून त्या अनुमानाला कसास लावले. मे २०२५ मध्ये कारवार येथे त्याला 'कौंडिण्य' हे नाव मिळाले; डिसेंबरात ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. ते युद्धनौका नाही, आणि त्याचा आकार पूर्ण आहे. तरी आपल्या विषयाला लागणारा धडा त्यात आहे. अनुमान हे अनुमान म्हणून सांगितले की ते अभ्यास होते. पुरावा म्हणून मिरविले की ते फसवणूक होते.

हा धडा लहान प्रतिकृतीतही सहज उतरविता येईल. इंग्रजांच्या जुन्या नमुन्यांत खालच्या अंगाच्या फळ्या मुद्दाम न बसविता फासळ्या उघड्या ठेवण्याची प्रथा होती. आपल्या कारागिराने तीच युक्ती वेगळ्या हेतूने वापरावी. जे पुराव्यावर आधारलेले, ते एका रंगाच्या लाकडात करावे. जे कल्पनेने भरलेले, ते दुसऱ्या. नाळ, पुढच्या दोन तोफा, उघडी तक्तपोशी हळदूत; मागील कोरीव काम, ज्याला आधार नाही, ते गडद शिसवात. खालच्या पट्टीवर दोन ओळींत तसे लिहावे. असे केल्याने प्रतिकृतीची शोभा कमी होईल असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करताना नवा दगड साधा ठेवण्याचा विवेक जाणते लोक पाळतात. त्याने देवळाचे तेज कमी होत नाही, उलट जुन्या दगडाकडे नजर आपोआप वळते.

'भक्तिभावाने ठेवलेल्या वस्तूची चिरफाड कशाला?' हा आक्षेप मी ऐकला आहे. त्याला माझे उत्तर एवढेच की, कोकणच्या किनाऱ्यावरील मुलाला मचवा दिसतो, पडाव दिसतो, वल्ह्याचा आवाज ऐकू येतो. त्याच्यापुढे खोटे जहाज ठेवले तरी समुद्र त्याची चूक सुधारतो. कोकणी घरात तर तारवट्याच्या तोंडून तारवाच्या गोष्टी ऐकायला मिळतात. रामाकोन्याच्या मुलाजवळ असे काही नाही. त्याच्यापुरती ती काचेची पेटी हाच समुद्र. त्या पेटीत जे ठेवाल तेच तो जन्मभर खरे मानील, आणि पुढे आपल्या मुलांना तेच सांगेल. म्हणून समुद्रापासून जितके दूर, तितकी प्रतिकृती अधिक खरी असली पाहिजे.

पुढच्या खेपेस रामाकोन्यास गेलो तर त्या मुलाला मी जवळ बोलावीन. त्या सुंदर जहाजाला नावे ठेवणार नाही. कागदावर एक लांब, सखल नाळ काढून त्याला विचारीन, "बाळा, लाट समोरून आली तर हिच्यावर पाणी साचेल का?" तो क्षणभर विचार करील आणि स्वतःच सांगेल, की कठडा नाही, पाणी वाहून जाईल. त्या क्षणी जळालेली एक गुराब त्याच्या मनात पुन्हा पाण्यावर तरंगेल. आणि ती खरी असेल.