मुंबई व्याख्याने आणि शिरोबिंदू-बीजगणिताची वाट

व्हिक्टर काट्स यांनी डिसेंबर १९८५ व जानेवारी १९८६ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दिलेली व्याख्याने अशोक रैना यांच्या सहलेखनाने १९८७ साली ग्रंथरूप झाली. शिरोबिंदू-बीजगणिताची व्याख्या बोरचर्ड्झ यांनी १९८६ मध्येच प्रसिद्ध केली. काट्स यांनी त्याच संस्थेत जानेवारी २००३ मध्ये या विषयावर दिलेली व्याख्याने २०१३ च्या आवृत्तीत उत्तरार्ध म्हणून आली. नव्या परिभाषेने जुन्या रचना सुलभ होतात, ही उत्तरार्धाची भूमिका. ती खरी आहे, पण कोणासाठी?

एकच उदाहरण घेऊ. आंदोलक-बीजगणितातून विरासोरो बीजगणित उभारताना अनंत बेरजा निरर्थक ठरू नयेत म्हणून कारकांची मांडणी ‘सामान्य क्रमा’ने करावी लागते. त्याची किंमत म्हणून विनिमयकात (म³ − म)/१२ हे जादा पद अवतरते. पूर्वार्धात ते बेरजा तात्पुरत्या सांत करून मिळते. क हा १ पासून म पर्यंत घेतला असता क(म − क) यांच्या बेरजेचे अर्ध, तेच हे पद. उत्तरार्धात विकच्या सूत्राने लॅम्डाच्या घनाचा बारावा भाग दोन-चार ओळींत येतो. बारकाईने पाहता तेथेही म्यू(लॅम्डा − म्यू) याच्या ० ते लॅम्डा या मर्यादांतील समाकलाचे अर्धच आहे! बेरजेच्या जागी समाकल आला, इतकेच. ही ओळख पटण्यातच सुलभीकरणाचा सारा आनंद आहे, आणि पहिली बेरीज ज्याने हाताने केली नाही त्याला ती पटत नाही.

म्हणून जालन्यासारख्या ठिकाणी, मार्गदर्शकावाचून हा ग्रंथ उघडणाऱ्या विद्यार्थ्याने उत्तरार्धाच्या देखणेपणास भुलू नये. पहिली दोन व्याख्याने वही घेऊन सोडवावीत. ‘स्थानिकते’ची व्याख्या त्यानंतर वाचावी.