हिरव्या चुड्याचं काय?

बॉथेलच्या घरी धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण झालं. सांगलीच्या आजीला व्हिडिओ पाठवायचा आणि मागे तिचा वाडा दिसायला हवा, म्हणून गॅरेजमध्ये हिरवं कापड ताणलं. हिरवी साडी चालणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून बहीण जांभळी नेसली. चुड्याचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही. आजीचा पहिला प्रश्न: "अगं, हात रिकामे का तुझे?"

सॉफ्टवेअरने सांगितलं तेच केलं होतं. हिरवा रंग निवडण्यामागे कारणं आहेत. तो त्वचेच्या रंगापासून लांब पडतो. शिवाय बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर निम्मे बिंदू हिरव्याचे असतात, त्यामुळे कडा स्वच्छ निघते. हिरवं ते मागचं, एवढाच नियम. सौभाग्याचं लेणंही हिरवंच असतं, हे त्याला कोण सांगणार?

तुम्ही म्हणाल, आता एआय आहे, पडदा हवाच कशाला? आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर, सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, यावर खरोखर चांगलं काम झालंय. २०२१ मधली त्यांची पद्धत मागे पडदा मागत नाही. माणूस नसताना त्या जागेचा एक फोटो काढायचा, कॅमेरा हलवायचा नाही, बस. केसांच्या बटाही नीट सुटतात, आणि तेही फोर-के व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेमच्या वेगाने.

पण पेपरातला डेटाचा भाग जरा थांबून वाचा. मॉडेलला शिकवायला त्यांनी ४८४ व्हिडिओंमधून २,४०,७०९ फ्रेम तयार केल्या. हे व्हिडिओ कसले? हिरव्या पडद्यासमोरचे! त्यातली माणसं नेहमीच्या क्रोमा-की सॉफ्टवेअरने वेगळी काढली आणि तेच बरोबर उत्तर धरलं. त्यांनी फोटोंचे संचही वापरले, हे खरं. पण व्हिडिओचा पाया हाच.

आता विचार करा. हिरव्या पडद्यासमोर हिरवं घालून कुणी उभं राहत नाही, राहिलंच तर ते कापलं जातं. म्हणजे हिरव्या बांगड्यांचा हात या उत्तरांमध्ये सापडणं कठीण. पडदा काढला, तरी त्याने घातलेली अट डेटातून आत आलीच. मॉडेल आमच्या चुड्यावर चुकेलच असं मी म्हणत नाही. पण ते तपासायला हवं, आणि पेपरातले सरासरी आकडे ते सांगत नाहीत. उपाय अवघड नाही: थोडं चित्रीकरण निळ्या पडद्यासमोर, हिरवे कपडे आणि दागिने घालून करायचं.

आम्ही बारशासाठी निळं कापड आणून ठेवलंय.