अलिबागचा ल

आजच्या व्याख्यानाची पत्रिका तुमच्यापैकी बहुतेकांनी फोनवरच बघितली असेल. तिच्यावर ‘अलिबाग’ हा शब्द मोठ्या अक्षरांत आहे. त्यातला ल जरा पुन्हा बघा. उजवीकडे उभा दंड आणि त्याला डावीकडून येऊन चिकटलेलं वळण. हा हिंदी वळणाचा ल झाला. आपण शाळेत गिरवला त्याला असा दंड नसतो. दोन्ही बाजूंना दोन वळणं, आणि मधून तो शिरोरेषेला लटकलेला. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठी वर्णमालेची वळणं ठरवून दिली, त्यातही ल आणि श आपल्याच वळणाचे आहेत. पत्रिका दुसऱ्या कुणी नाही, आम्हीच केली. ग्राफिक डिझाइन शिकवणाऱ्या माणसांनी, अलिबागेत बसून. ती सगळीकडे पाठवून झाल्यावर आमच्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “सर, हा ल असा का?”

आज बोलायचंय ते या प्रश्नाबद्दल, आणि तो विचारण्याइतकी नजर कशाने येते त्याबद्दल.

आमचा वर्ग रविवारी भरतो, अलिबाग आणि रेवदंड्याच्या मधल्या एका गावात. मुलं दहावी-बारावी झालेली, काही कॉलेजात, एकदोन फ्लेक्सच्या दुकानात कामाला. सुरुवात सगळे करतात तशीच केली: इंटरनेटवर मिळणारा एक परदेशी अभ्यासक्रम उचलला. अभ्यासक्रम चांगला होता, हे आधी सांगून टाकतो. अशा अभ्यासक्रमांचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी प्रतिमा, मग अक्षर, मग रंग आणि आकार, शेवटी रचना. व्याख्या पाठ करायला कुणी सांगत नाही. हाताने करायचं आणि करता करता शिकायचं.

पहिला सराव असा की घरातली एक साधी वस्तू घ्यायची आणि तिची दहा तऱ्हांनी दहा चित्रं करायची. रेषेने, नुसत्या सावलीने, कागद फाडून, ठसा घेऊन, फोटो काढून, कशीही. मुलांनी विळी आणली, जाळ्याचा तुकडा आणला, नारळाची करवंटी आणली. एकाने पापलेटाला शाई लावून ठसा घेतला. जपानात माशांचे असे ठसे घ्यायची जुनी पद्धत आहे, तिला ग्योताकु म्हणतात. हे त्याला अर्थात माहीत नव्हतं. ठसा सुरेख आला. घरी ओरडा बसला तो वेगळा.

हा सराव इथे चालला, आणि का चालला ते महत्त्वाचं आहे. पहिली दोन-तीन चित्रं माणूस डोक्यातून काढतो. विळी म्हटलं की विळीचं जे चित्र मनात तयार असतं ते कागदावर उतरतं. चौथ्या-पाचव्या चित्राला तो साठा संपतो आणि समोरच्या वस्तूकडे बघावंच लागतं. आपल्या ग्रेड परीक्षांत, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, ‘स्मरणचित्र’ नावाचा पेपर असतो. बाजार, बसथांबा, असे विषय. तयारी करून घेताना मुलांकडून ठरावीक चार आकृत्या घोटून घेतल्या जातात: टोपलीवाली बाई, छत्रीवाला माणूस, सायकल, झाड. त्या कुठल्याही विषयात बसतात. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवलेली मुलंच आमच्याकडे चौथ्या चित्राला सगळ्यात जास्त अडकली. त्यांच्या हातात सफाई होती, पण आठवणीत त्यांनी स्वतः बघितलेलं काही नव्हतं.

मग आला अक्षराचा सराव, आणि तिथे गाडी रुतली.

सराव दिसायला सोपा आहे. एक अक्षर घ्या, चौकोनात इतकं मोठं करा की त्याच्या कडा कापल्या जातील. अक्षर जेमतेम ओळखू यावं, पण नजर त्याच्या आकारावर जावी, आतल्या पांढऱ्या जागेवर जावी. आम्ही भाषेचं काही बंधन घातलं नव्हतं. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी इंग्रजी अक्षर घेतलं: एस, आर, पी, आपापल्या नावातलं पहिलं. का, म्हणून विचारलं. उत्तर आलं, “मराठीत बरं दिसत नाही.”

आम्हाला राग आला, हे कबूल करतो. आम्ही मातृभाषेवर दहा मिनिटं बोललो. मुलांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, जशी मुलं अशी भाषणं ऐकतात. त्या संध्याकाळी तोच सराव आम्ही स्वतः देवनागरीत करून बघितला, आणि लक्षात आलं की मुलं बरोबर बोलत होती.

रोमन अक्षर एकटं उभं राहतं. कुठूनही कापा, उरलेला भाग आपली ओळख बऱ्यापैकी सांभाळतो. आपल्याकडे चौकोनाची वरची कड शिरोरेषेतून गेली की ध आणि घ एकच होतात, भ आणि म एकच होतात. त्यांच्यातला फरकच मुळी त्या रेषेतल्या फटीत आहे. टायपोग्राफीच्या पुस्तकांतलं एक आवडतं प्रात्यक्षिक असतं: रोमन ओळीचा खालचा अर्धा भाग झाका, तरी वाचता येतं. देवनागरीत खालचा भाग झाकला तर अक्षराचं अंगच जातं. वरचा झाकला तर मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार जातात. आणि ‘एक अक्षर घ्या’ म्हणजे नक्की काय घ्यायचं? ‘श्रीवर्धन’चं पहिलं अक्षर कोणतं? श, श्र की श्री? सरावाने गृहीत धरलेला तुकडाच आपल्या लिपीत दुसऱ्या मापाचा आहे.

यात भर पडते ती प्रोग्रॅमची. डिझाइनच्या काही प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्यांसाठीची सेटिंग आधी बदलली नाही, तर वेलांटी भलत्या जागी जाऊन पडते आणि जोडाक्षर पाय मोडून उभं राहतं. फ्लेक्सच्या दुकानांत अजून जुने, युनिकोडआधीचे फॉन्ट चालतात. तिथला मजकूर इकडे आणला की त्याची भलतीच चिन्हं होतात. मुलगा सोळाव्या वर्षी पहिल्यांदा आपलं नाव स्क्रीनवर मोठं करून बघतो आणि ते असं मोडलेलं दिसतं. ‘बरं दिसत नाही’ हे त्याचं बारकाईने केलेलं निरीक्षण होतं, आणि आम्ही त्याला न्यूनगंड समजून बसलो.

ही अडचण आजची नाही. खिळ्यांच्या छपाईत मुंबईच्या कारागिरांपुढे हीच होती. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी जो टाइप घडवला, त्याच्या घाटामागे अक्षर, मात्रा आणि रेषा यांचा जो हिशेब आहे, तो रोमनकडून उसना मिळण्यासारखा नव्हता. बापूराव नाईकांनी ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा तीन खंडांचा ग्रंथ १९७१ मध्ये दिला. र. कृ. जोशींनी ‘मंगल’ केला, जो विंडोजबरोबर घरोघर पोचला. ‘मंगल’ला नावं ठेवायची आता फॅशन आहे. पण तो संगणकाच्या पडद्यावर, लहान आकारात वाचायला केलेला टाइप. आपण त्याला उचलून दहा फुटी कमानीवर चढवलं, त्याला तो काय करणार?

कमानीवरून आठवलं. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात आणि मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको, ही तरतूद २०२२ मध्ये कायद्यात आली. हेतू चांगलाच आहे. पण अलिबाग ते मुरूड रस्त्यावरच्या रिसॉर्टच्या पाट्या बघत चला. दोन्ही लिप्या सारख्या उंचीच्या चौकटीत बसवलेल्या असतात. देवनागरीत त्याच उंचीत वरची मात्रा आणि खालचा उकार मावायला हवा, म्हणून अक्षराचं अंग लहान होतं. मग रुंदी जुळवायला ते आडवं ताणतात. कायद्याच्या पट्टीने पाटी पास, आणि मराठी मात्र आखडलेली. या कामाला पट्टी पुरत नाही, डोळा लागतो. आणि आपल्या ग्रेड परीक्षेत अक्षरलेखन आहे कुठे, तर भूमितीच्या शेजारी, पट्टी-कंपासच्या सोबतीला. तरीही त्या परीक्षेवर फार टीका करायला जीभ रेटत नाही. म्हसळ्याच्या किंवा मुरूडच्या मुलाला अक्षराकडे आकार म्हणून बघायची पहिली संधी तिथेच मिळते.

आम्ही सराव बदलला. आधी गेलो बंदरावर. होडीचं नाव नाळेच्या बाजूच्या फळीवर रंगवतात. ती फळी सपाट नसते, वर चढत जाते. तिच्याबरोबर शिरोरेषाही चढते आणि अक्षरं तिच्याखाली तोल सांभाळत उभी राहतात. रंगवणारा अक्षरं आधी काढत होता, रेघ शेवटी. मुलं तासभर गप्प उभी होती. पेणला गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या माणसाभोवती अशीच शांतता असते.

पण इथे आमची दुसरी चूक झाली. होडीवरच्या अक्षराच्या आम्ही इतके प्रेमात पडलो की पुढचे दोन महिने वर्गात सगळं तसंच होऊ लागलं. लग्नपत्रिका तशीच, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं पोस्टर तसंच. एका मुलाने रक्तदान शिबिराच्या पोस्टरवर लाटा काढल्या. परदेशी सरावाची नक्कल सोडून आम्ही स्वतःच्या गावाची नक्कल करायला लागलो होतो, आणि तिला तर पर्यटनखात्याकडून टाळ्याही मिळाल्या असत्या.

त्यातून बाहेर काढलं ते एका दगडाने. आक्षीचा शिलालेख तुम्हाला माहीत आहे. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ सांगतात. वाचनाबद्दल वाद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. पुष्कळ वर्षं तो रस्त्याकडेला ऊनपाऊस खात उभा होता. त्यात राजाला पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटलंय. मुलांना सांगितलं, हात न लावता, वाचायचा प्रयत्नही न करता, फक्त आकार उतरवा. शब्दांमध्ये जागा नाही. ओळ संपली की शब्द मधेच तुटतो आणि खालच्या ओळीत पुढे चालू होतो. त्याच निमित्ताने गधेगाळींबद्दल बोललो. उत्तर कोकणात शिलाहारांच्या काळातले असे दगड बरेच आहेत: वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली गाढवाचं ते चित्र, म्हणजे दान मोडणाऱ्याला चक्क शिवी. वाचता येणाऱ्याला मजकूर, न येणाऱ्याला चित्र, आणि दोघांनाही धाक. प्रतिमा आणि अक्षर यांचे सराव वेगवेगळ्या आठवड्यांत का घ्यायचे, हा प्रश्न आम्हाला तिथे पडला.

आता सराव असा आहे. ‘अलिबाग’ हाताने लिहा. मग तोच शब्द तीन फॉन्टमध्ये टाइप करून छापा. एक टाइपच्या ‘मुक्ता’, ‘बालू’ आणि ‘मोदक’पासून सुरुवात करतो, तिन्ही फुकट मिळतात. ‘मोदक’ इतका गुबगुबीत आहे की अक्षराच्या आतला पांढरा भाग दोऱ्याएवढा उरतो, आणि जागेवर नजर ठेवायला परदेशी सराव जे सांगत होता ते न कापता, नुसतं बघून कळतं. मग कात्री घ्या, शिरोरेषा कापा, अक्षरं सुटी करा, हलवा, पुन्हा जोडा. याच सरावात त्या मुलीने आपला हातचा ल आणि छापलेला ल शेजारी शेजारी ठेवले होते. काही फॉन्टमध्ये मराठी वळण असतं, पण भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय ते बाहेर येत नाही. आमच्या पत्रिकेत नेमकं तेच राहिलं होतं.

आता ज्याच्याबद्दल बोलायचं टाळत होतो, तो मुलगा. फ्लेक्सच्या दुकानात काम करणारा. वर्गात आम्ही ‘हायरार्की’ समजावत होतो, म्हणजे पानावर आधी काय दिसावं, नंतर काय. तो हसला. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कुणाचा फोटो किती मोठा, कोण वरच्या ओळीत, कोण गोलात, कोण चौकोनात, यात अर्ध्या इंचाची चूक झाली तर रात्री दुकानावर माणसं येतात. आम्ही वर्षानुवर्षं फ्लेक्सची चेष्टा करत आलो. इतका काटेकोर हिशेब आमच्या एकाही पोस्टरमध्ये नाही. पण त्याच्या दुकानात एका फ्लेक्सला वीस मिनिटं मिळतात. तिथे दहा चित्रं कोण काढणार, कात्रीने शिरोरेषा कोण कापणार? त्याने हे विचारलं तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही पुरतं नाही. गणपतीच्या आधी हंगाम सुरू झाला आणि त्याचं येणं थांबलं.

गेल्या महिन्यात त्याने फोनवर एका फ्लेक्सचा फोटो पाठवला. ‘लाडके नेतृत्व’, आणि त्यातला ल आपल्या वळणाचा. खाली शुभेच्छुकांच्या यादीत मात्र सगळे ल दंडवालेच. विचारलं, तर म्हणाला, यादी गिऱ्हाइकाने इमेज करून पाठवलेली, ती पुन्हा टाइप करायला वेळ नव्हता.