काठीला टांगलेले उंदीर

गोफण आणि तिचे दगड. काही सापळे. एक लांब काठी, तिला टांगलेले मेलेले उंदीर. आणि एक कुत्रा, अंगाने लहान, स्वभावाने चावरा. काल्पनिक जगातल्या एका साहसी वीराच्या सामानाची ही यादी आहे. ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉपने १९८६ साली ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ हा खेळ पुस्तकरूपाने काढला. त्यातल्या ‘रॅट कॅचर’चं, म्हणजे उंदीर पकडणाऱ्याचं, हे सामान. इतक्या थोड्या शब्दांत असा अख्खा माणूस उभा राहिलेला मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक सूत्रधार होतो आणि जग उभं करतो. बाकीचे प्रत्येकी एका पात्राच्या तोंडून बोलतात आणि काय घडेल ते ठरत नसेल तिथे फासे टाकतात. पात्राच्या पेशाला खेळाडू ‘क्लास’ म्हणतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत आला तेव्हा असे क्लास तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक. चोर पुढच्या वर्षी आला. नंतर मात्र खेळाडूंनी स्वतःच क्लास लिहायला घेतले आणि त्यातून एक छोटा साहित्यप्रकार तयार झाला. पानभर मजकूर, त्यात थोडं वर्णन, सामान, कौशल्यं. हे पान नियम म्हणून वाचलं जातं. ते आपण कविता वाचतो तसं, शब्दाशब्दाशी थांबून वाचायला हवं असं मला वाटतं.

काठीपासूनच सुरुवात करू. मेलेले उंदीर खांद्यावर कशाला वागवायचे? या माणसाकडे दुकान नाही, पाटी नाही, कुणाची शिफारस नाही. आपलं काम आपल्याला येतं याचा एकमेव पुरावा त्याच्या काठीवर लटकतो आहे. आणि त्या पुराव्याला वास येतो. ज्या कामामुळे लोक त्याला बोलावतात, त्याच कामामुळे ते त्याला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. लेखकाने यातलं काहीच लिहिलेलं नाही, फक्त काठी दिली आहे. पण त्या काठीसह खानावळीत शिरायची वेळ आली की पहिल्यांदा खेळणाऱ्या पोरालाही कळतं की आपल्याला मागच्या दाराने जावं लागणार.

मराठी वाचकाला इथे मुंबई आठवेल. मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागात रात्री उंदीर मारणारे कामगार आहेत. हातात काठी आणि बॅटरी, रात्रीला ३० उंदरांचं उद्दिष्ट, आणि सकाळी मारलेले उंदीर मोजून द्यायचे. मिरियम चंडी मेनाचेरी यांनी त्यांच्यावर ‘द रॅट रेस’ हा माहितीपट केला आहे. म्हणजे कल्पनेतल्या त्या काठीचा हिशेब आपल्या शहरात रोज पहाटे होतो. वॉरहॅमरच्या लेखकांपुढे सोळाव्या शतकातला जर्मनी होता, मुंबई नव्हती. तरी पुरावा दाखवल्याशिवाय मजुरी नाही हे दोन्हीकडे सारखंच निघालं.

आता कौशल्यं. बाकीच्यांना तलवारीचे हात येतात, मंत्र येतात. याला रोग लवकर बाधत नाही आणि विष लवकर चढत नाही. हे कौशल्य शिकून मिळत नाही, जगून मिळतं. कुठल्या गटारात त्याचं लहानपण गेलं असेल, बरोबरीची किती मुलं तापाने गेली असतील आणि हा एकटा का उरला असेल, हे सगळं त्या एका नोंदीत दडलेलं आहे. पुष्कळ क्लासांना तीन-तीन परिच्छेद पूर्वकथा जोडलेली असते. या एका नोंदीपुढे ती मला फिकी वाटते.

आणि कुत्रा. तो जादूचा नाही, बोलत नाही, मोठाही होत नाही. तो चावतो, आणि त्याला रोज खायला लागतं. आमच्या टेबलावर एका मित्राच्या वाट्याला हा क्लास आला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, याला खायला काय घालू? लढाई, खजिना, राक्षस सगळं बाजूला राहिलं आणि आधी कुत्र्याच्या भाकरीची सोय झाली. पात्र जिवंत झालं ते तिथे. ‘ट्रॉयका’ या ब्रिटिश खेळात असाच एक माकडविक्या आहे. त्याच्याजवळची माकडं त्याचं काही ऐकत नाहीत, पण भीतीपोटी आणि भुकेपोटी त्याला सोडून लांबही जात नाहीत. ती कल्पना गमतीची आहे, आणि तिच्यातली करुणा हळूहळू लक्षात येते. तरी मला कुत्रा अधिक जवळचा, कारण त्याच्यावर पोट अवलंबून आहे.

या पात्राचं खरं मोल मात्र त्याच्या जगामुळे वाढतं. वॉरहॅमरच्या जगात शहरांच्या पोटात, गटारांच्याही खाली, स्केव्हन नावाचे उंदीरमानव राहतात. वरच्या जगातले शहाणे आणि अधिकारी म्हणतात, असं काही नसतंच. सरदाराला ते ठाऊक नाही, पंडिताला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक असण्याची सगळ्यात जास्त शक्यता, तो हा काठीवाला, आणि त्याचंच कुणी ऐकत नाही. सत्य ठाऊक असलेला माणूस आणि शब्दाला वजन असलेला माणूस लेखकांनी असे वेगळे ठेवले आहेत. तिथेच गोष्ट सुरू होते.

मी बेंगळुरूत चामराजपेटेत राहतो, आणि या गल्ल्यांत बसून हे पान वाचलं की त्याला आणखी एक अर्थ चिकटतो. चामराजपेट वसली १८९२ साली, चामराजेंद्र वोडेयरांच्या नावाने, जुन्या दाट पेठेला लागून आखलेली नवी वस्ती म्हणून. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये त्याने पुणं हादरवलं, १८९८ मध्ये तो बेंगळुरूत पोहोचला. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या मोकळ्या वस्त्यांना त्यानंतर वेग आला. रोगाचा संबंध उंदरावरच्या पिसवेशी आहे हे पॉल-लुई सीमाँ यांनी कराचीत त्याच १८९८ साली दाखवलं, आणि ते सर्वमान्य व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. घरात उंदीर पडू लागले की घर सोडायचं, हे साध्या माणसांना त्याआधीच कळलेलं होतं. वॉरहॅमरमधला काठीवाला हाच तो, विद्वानांच्या आधी ज्याला कळलं तो माणूस. आमच्या टेबलावर कन्नड, मराठी आणि दखनी अशा तिन्ही घरांतली मुलं असतात. प्लेगच्या गोष्टी तिन्ही घरांत आहेत. म्हणून जर्मन गटारातलं हे पात्र इथे परकं वाटलं नाही.

आता त्या पानावरची शेवटची गोष्ट, जी घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते. वॉरहॅमरमध्ये पेशा फाशांनी मिळतो, पण पानाच्या शेवटी तो सोडून कुठे जाता येईल याची यादी असते. उंदीर पकडणारा अनुभव गाठीला बांधून दुसरा पेशा धरू शकतो. या यादीपाशी मी प्रत्येक वेळी थांबतो. आपल्याकडे पेशा फाशांनी मिळाला नाही, जन्माने मिळाला, आणि बाहेर पडायच्या वाटा बुजवून टाकल्या गेल्या. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदीचा कायदा १९९३ मध्ये झाला, दुसरा अधिक कडक कायदा २०१३ मध्ये करावा लागला, आणि तरीही माणसं गटारात उतरून मरतात. भारतीय वळणाचा खेळ लिहायला बसलं की चार वर्णांचे चार क्लास करण्याचा मोह लगेच होतो. तो मोह साफ नाकारावा. ज्या पानावर सुटकेच्या वाटा नाहीत त्याला मी क्लास म्हणणार नाही.

मग आपल्या मातीत पेशा आणि कल्पना यांची सांगड कुणी घातली? एकनाथांनी. पैठणच्या नाथांचा काळ १५३३ ते १५९९ असा मानला जातो, आणि भारुडं सुमारे तीनशे. जोशी, वासुदेव, गोंधळी, वाघ्या, भुत्या, पांगुळ, आंधळा, बहिरा, मुका. प्रत्येक भारुडात नाथ त्या पेशाच्या किंवा अवस्थेच्या आत जाऊन बोलतात. जोशी झाले की भविष्य सांगायची त्याची ढब घेतात, गोंधळी झाले की देवीला साद घालतात. अध्यात्म येतं ते त्या माणसाच्या कामातून येतं, वरून चिकटवलेलं नसतं. बहिरा, मुका ही पात्रं तर मला क्लास लिहिण्याचा उत्तम धडा वाटतात. काय जमत नाही यापासून तिथे सुरुवात होते आणि त्या न जमण्यातूनच बोलणं फुटतं. आणि जोहाराच्या भारुडांत पैठणचा ब्राह्मण महाराच्या तोंडून बोलतो, गावाला आणि देहाला जाब विचारतो. मिळालेल्या जन्माच्या बाहेर पाऊल टाकून दुसऱ्याच्या कामातून जग पाहायचं, हे रोलप्लेइंगचं मूळ काम नाथांनी सोळाव्या शतकात भर बाजारात केलं. त्यांनी घेतलेली भूमिका त्यांना संध्याकाळी उतरवता येत होती आणि खऱ्या महाराला येत नव्हती, हा फरक विसरून चालणार नाही. पण तो फरक श्रोत्यांना टोचावा इतकी ताकद त्या रचनांत आहे.

न जमण्याबद्दल, बंधनाबद्दल थोडं अधिक. १९७४ च्या धर्मोपदेशकाला धारदार शस्त्र धरायची मुभा नव्हती. १९७५ मध्ये पॅलाडिन, म्हणजे व्रतस्थ वीर आला. धर्म सोडून वागला तर त्याची शक्ती कायमची जाते. २०२० च्या ‘इलेक्ट्रिक बास्चनलँड’मध्ये ख्रिस मॅकडॉवल यांनी शंभरावर फसलेले पेशे लिहिले आणि सगळ्या टोळीच्या डोक्यावर मिळून १०,००० पौंडांचं कर्ज ठेवलं. आठवणीत राहतात ती हीच बंधनं. आगीचा गोळा किती फूट उडतो, हे खेळ संपल्यावर कुणाच्या लक्षात राहत नाही.

बंधनाचं सर्वांत देखणं उदाहरण माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चामराजपेटेतून सिटी मार्केट ओलांडलं की जुनी पेठ लागते. तिथल्या धर्मरायस्वामी देवळातून चैत्र पौर्णिमेच्या रात्री करगा, म्हणजे देवी द्रौपदीचा कलश, निघतो. तिगळ समाजातला एक पुरुष स्त्रीवेष घेतो, अंगावर मंगळसूत्र आणि बांगड्या चढवतो आणि मोगऱ्याने मढवलेला उंच करगा डोक्यावर घेऊन रात्रभर फिरतो. करग्याला हात लावायचा नाही. भोवती नागव्या तलवारी घेतलेले वीरकुमार. कथा सांगते की पांडव स्वर्गाच्या वाटेवर पुढे गेले, मागे राहिलेल्या द्रौपदीपुढे तिमिरासुर आला, तेव्हा तिने हे वीरकुमार निर्माण केले. असुर मेल्यावर त्यांनी तिला जाऊ नको म्हणून विनवलं, आणि दरवर्षी काही दिवस परत येईन असं तिने वचन दिलं. करगा पडला तर याच तलवारी वाहणाऱ्यावर चालतील, अशी जुनी समजूत आहे. मिरवणूक कॉटनपेटेतल्या तवक्कल मस्तान दर्ग्यातही थांबते.

क्लास लिहिणाऱ्याच्या नजरेने हे पाहा. शक्ती कुठून आली ते ठाऊक आहे, ती किती दिवस टिकते ते ठाऊक आहे. रक्षण करणारा आणि शिक्षा देणारा एकच. आणि ज्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष, त्याला स्वतःचे हात वापरायची मुभा नाही. आमच्या टेबलावर यावरून क्लास लिहायचं ठरलं, तेव्हा तिगळांच्या घरातल्या ओळखीच्या एका काकांना आधी विचारलं. त्यांनी एवढंच सांगितलं की नाव घेऊ नका, देवीला फाशांवर लावू नका. ते आम्हाला पटलं. म्हणून नाव, वेष, कथा सगळं सोडून दिलं आणि फक्त हात न लावता वाहायची वस्तू ठेवली. त्या एका बंधनावर जे पात्र उभं राहिलं ते आमच्या सगळ्या मंत्रतंत्रवाल्या पात्रांहून सरस निघालं. दार उघडायचं असलं तरी त्याला दुसऱ्या कुणाला तरी हाक मारावी लागते, त्यामुळे टेबलावरचं कुणीच एकटं खेळत नाही.

पुण्यात, मुंबईत, बेळगावात, इथे बेंगळुरूत, पुष्कळ मराठी मुलं हे खेळ खेळतात आणि जवळजवळ सगळी इंग्रजीत खेळतात. त्यांना माझी विनंती आहे. एक पान मराठीत लिहा. वासुदेव घ्या: मोरपिसांची टोपी, चिपळ्या, पहाटेची वेळ, दान घेतल्यावर त्या घराच्या वतीने देवांची नावं घेण्याचं कर्तव्य. पालिकेचा रात्रपाळीचा कामगार घ्या. सामान चार ओळींत बसवा, त्यातली एक वस्तू अशी द्या की जिची रोज काळजी घ्यावी लागेल. एक बंधन घाला. आणि पानाच्या तळाशी, तो पेशा सोडून कुठे कुठे जाता येईल त्या वाटा नक्की लिहा.