‘सॉनिक सी’ : सागरी गोंगाटाच्या चित्रणाची मर्यादा

जाक कूस्तो आणि लुई माल यांच्या १९५६ मधील प्रसिद्ध चित्रपटाचे नाव ‘द सायलेंट वर्ल्ड’, म्हणजे ‘निःशब्द जग’, असे होते. याच चित्रपटात कूस्तोंच्या ‘कॅलिप्सो’ जहाजाच्या पंख्याने स्पर्म व्हेलचे एक पिल्लू जखमी होते, हे आज बोलके वाटते. साठ वर्षांनंतर मिशेल डोहर्टी व डॅनियल हिनरफेल्ड दिग्दर्शित ‘सॉनिक सी’ (२०१६) या माहितीपटाने सागराच्या निःशब्दतेची ही समजूत मोडीत काढली. कूस्तोंचे पुत्र झाँ-मिशेल यांचाही त्यात सहभाग आहे. तथापि, विषयाला न्याय देताना या माहितीपटाने स्वीकारलेला कथनप्रकार तपासून पाहणे आवश्यक ठरते.

माहितीपटाचा आरंभ मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर घडलेल्या घटनेने होतो. पंधराहून अधिक सागरी सस्तन प्राणी किनाऱ्यावर येऊन अडकले व त्यांतील काही दगावले. संशोधक केन बाल्कम यांनी या मृत्यूंचा माग काढला. बाल्कम स्वतः पूर्वी अमेरिकी नौदलात पाण्याखालील ध्वनी ऐकण्याचे काम करीत असत. ज्या संस्थेची सेवा केली तिच्याच सोनार यंत्रणेकडे त्यांना बोट दाखवावे लागले. नौदलाच्या सहभागाने झालेल्या चौकशीतही डिसेंबर २००१ मध्ये सोनार हेच सर्वाधिक संभाव्य कारण ठरले. निष्ठा आणि पुरावा यांतील हा संघर्ष माहितीपटाचे खरे बळ आहे, यात शंका नाही.

परंतु गुन्ह्याच्या शोधाची ही घडण मालवाहू जहाजांच्या आवाजाला लागू पडत नाही. पंखा वेगाने फिरताना पात्यांभोवतीचा दाब घटतो, असंख्य बुडबुडे निर्माण होऊन फुटतात आणि त्यातून कमी वारंवारतेचा, दूरवर पोहोचणारा ध्वनी उमटतो. मोठे व्हेल परस्परांशी साद घालतात तेही याच पट्ट्यात. येथे ना प्रेत असते, ना एक आरोपी. रॉजर पेन व डग्लस वेब यांनी १९७१ मध्येच जहाजांच्या आवाजामुळे फिन व्हेलच्या सादेचा पल्ला आक्रसत असल्याचे मांडले होते. सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर कॅनडातील फंडीच्या उपसागरात जहाजांची वर्दळ घटली, तेव्हा पाण्याखालील आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरला आणि राइट व्हेलच्या विष्ठेतील तणावसंप्रेरकांचे अवशेषही कमी आढळले, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. अशी हानी ती थांबल्यावरच जाणवते. किनाऱ्यावरील मृत देहाइतके प्रभावी दृश्य तिच्यापाशी नसते. त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात सोनारचा प्रसंग ठसतो. रोजचा व्यापार मात्र पार्श्वभूमीतच राहतो.

याचा परिणाम उपायांच्या मांडणीवरही होतो. शांत पंखे, सुबक बांधणी, मंद गती हे मार्ग तांत्रिकदृष्ट्या परिचित आहेत. उशिराची किंमत कोणी सोसायची, हा खरा वादाचा मुद्दा. आशेचा सूर त्याला पुरेसा भिडत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे ऐच्छिक होती आणि २०२३ च्या सुधारणेनंतरही ती ऐच्छिकच राहिली.

माहितीपटानंतर एका वर्षाने, ऑगस्ट ते ऑक्टोबर २०१७ या काळात, व्हँकूव्हर बंदराच्या पुढाकाराने हॅरो सामुद्रधुनीतील जहाजांना ११ नॉट गतीने जाण्याची विनंती करण्यात आली. या सामुद्रधुनीच्या एका काठावर सॅन वॉन बेट आहे. तेथूनच बाल्कम यांनी अनेक दशके ओर्का व्हेलची नोंद ठेवली. तेथे त्यांच्यासमोर नौदलासारखा एक प्रतिपक्ष नव्हता. वेग कमी करायचा की नाही, हे प्रत्येक जहाजावर स्वतंत्रपणे ठरत होते.